वरची वस्ती

एकाच आजाराची दोन माणसं एका खोलीत बसवायची नाहीत, असा रुग्णालयाचा नियम होता. परक्या माणसांना तो पाळणं सोपं आहे. भावाबहिणीला पाळायचा तर घराचे दोन तुकडे करावे लागतात. आईने ते केले. धाकटा वर, थोरली खाली, मधे चौदा पायऱ्यांचा जिना, आणि त्या जिन्यावरून दिवसातून वीस वेळा चढउतार करणारी आई. प्रत्येक खेपेला साबणाने हात धुऊन तिच्या बोटांची सालं निघाली होती.

दोघांना जन्मापासून एकच दुखणं. छातीत कफ व्हायचा तो पाण्यासारखा नव्हे, डिंकासारखा. सुटता सुटायचा नाही, आणि जिथे साचायचा तिथे जंतू ठाण मांडायचे. दोघं लहान असतानाच बाप घर सोडून गेला. "जाताना जिना उतरायला त्याला दम लागला नाही," एवढंच आई त्याच्याविषयी सांगायची.

कफ सुटावा म्हणून पाठ थापटावी लागते. हाताची बोटं जुळवून तळव्याला खोलगट करायचं आणि बरगड्यांच्या मागे, खालून वर, थापा मारत जायचं. हात सपाट पडला तर नुसतं लागतं. पोकळ पडला तर आतलं हलतं, आणि ते आवाजावरून कळतं. ही विद्या दोघा भावंडांनी एकमेकांच्या पाठीवर शिकून घेतली होती. आईचा हात मात्र कायम सपाट पडायचा.

"आई, तू थापटतेस की मारतेस?" धाकटा लहानपणी विचारायचा.

"दोन्ही," आई म्हणायची.

पुढे दोघांची छाती इतकी खराब झाली की दोघांचीही नावं नवी फुप्फुसं मिळण्याच्या यादीत गेली. बोलावणं आधी धाकट्याला आलं. कुणी अनोळखी माणूस मेला आणि त्याची फुप्फुसं याच्या मापाची आणि रक्तगटाची निघाली. त्या दिवशी आईने थोरलीच्या तोंडाकडे पाहिलं नाही. थोरलीच्या ते ध्यानातही आलं नाही, कारण ती आनंदाने रडत होती.

फुप्फुसं बसवताना नळ्या जोडतात, संवेदनेचे मज्जातंतू जोडता येत नाहीत. त्यामुळे आत खोल काही साचलं तरी माणसाला खोकल्याची उबळ येत नाही. जन्मभर खोकलेला धाकटा एकाएकी गप्प झाला. आईला त्या शांततेचं कोण कौतुक! डॉक्टरबाईंना त्या शांततेचीच धास्ती होती. म्हणून दर तीन महिन्यांनी त्या बारीक नळी आत सोडून फुप्फुसात खारं पाणी घालायच्या, परत ओढून घ्यायच्या आणि ते धुवण लॅबमध्ये पाठवायच्या. तिथून कागद यायचा, त्यावर रंगीत पट्ट्या. एक रंग म्हणजे एका जातीचे जंतू.

"निरोगी छातीतही जंतू असतातच," डॉक्टरबाईंनी आईला सांगितलं होतं. "वस्तीच असते त्यांची. नाना तऱ्हेची बिऱ्हाडं, कुणी कुणाला डोईजड होऊ देत नाही. बिऱ्हाडं कमी झाली की एखादा दांडगा येतो आणि सगळी जागा बळकावतो. कागदावर रंग जितके जास्त तितकं मला बरं वाटतं."

पहिल्या कागदावर रंगच रंग होते. आईने तो वरच्या खोलीत भिंतीला चिकटवला.

खाली थोरलीची कामाची जागा होती. ती लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचे फोन घ्यायची. कुठेही लिफ्ट अडकली की आतल्या बटणावरून फोन थेट हिला लागायचा. अडकलेल्या माणसाला धीर द्यायचा आणि मेकॅनिक धाडायचा, एवढंच काम. आवाज गोड होता, आणि चालावं लागत नव्हतं.

धाकट्याच्या ऑपरेशनला वर्ष होत आलं तेव्हा आई न्हाणीत घसरली आणि तिचं मनगट मोडलं. थोरलीची पाठ थापटायला एक बाई ठेवली. तिचा हात धोपटण्यासारखा. ती आठवड्यात काम सोडून गेली. मग एका दुपारी, आई औषधं आणायला बाहेर गेली असताना, थोरलीच्या छातीत कफाचा गठ्ठा अडकला. आवाज फुटेना. खुर्ची मात्र आडवी पडली, आणि तिचा धाडकन झालेला आवाज वर गेला.

धाकटा खाली आला. त्याने तिला पलंगावर पालथं घातलं आणि जुन्या सवयीने हात चालवला. पाच मिनिटांत गठ्ठा सुटला. थोरलीने श्वास घेतला आणि पहिला शब्द उच्चारला तो, "मास्क."

"दोन लावलेत. तिसरा कुठे लावू, कानाला?"

"डॉक्टरांना कळलं तर?"

"तू खोकू नकोस, मी बोलत नाही."

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. मग रोजच तीन वाजता, आई बाहेर गेली की, येऊ लागला. एकदा थापटणं चालू असतानाच लिफ्टचा फोन वाजला. पालथ्या पडल्या पडल्याच थोरलीने तो घेतला. "घाबरू नका... दार ओढू नका... सावकाश श्वास घ्या... माणूस निघालाय."

पलीकडचा म्हणाला, "बाई, धापा तर तुम्हीच टाकताय. तुम्हीपण अडकलात का कुठल्या लिफ्टमध्ये?"

धाकटा हसता हसता भिंतीला टेकला. नवी फुप्फुसं मिळाल्यावर तो मोठ्याने हसायला शिकला होता. थोरलीला ते हसणं ऐकायला फार आवडायचं.

आईला चौथ्याच दिवशी कळलं. ती लवकर परतली आणि दाराशीच तिला आतून थापांचा आवाज ऐकू आला. तिने चपला हातात घेतल्या, पुन्हा बाहेर गेली आणि अर्ध्या तासाने मोठ्याने खाकरत आली. मनगट अजून दुखत होतं, आणि थोरलीला त्या आठवड्यात गाढ झोप लागत होती. आई मूग गिळून बसली.

पाच-सहा महिने असे गेले. मग धाकट्याचा सहावा कागद आला. त्याच्यावर एकच रंग होता, हिरवा. सकाळी यंत्रात फुंकर मारून तो श्वासाचा जो आकडा लिहायचा तो आठवड्यामागून आठवडा घसरत होता. लॅबने आणखी एक गोष्ट कळवली होती. थोरलीच्या थुंकीत कित्येक वर्षं सापडणारा जंतू आणि हा हिरव्या रंगाचा जंतू एकच दिसत होता.

डॉक्टरबाईंनी आईला आणि धाकट्याला बोलावून घेतलं. खोलीत यादीचं काम बघणारी बाईही बसली होती. तिला सगळे पेशंट यादीवाली म्हणत. कुणाला फुप्फुसं द्यायची हे ती एकटी ठरवत नसे, पण तिच्या फायलीत जे लिहिलं जाई ते पुसलं जात नसे.

"घरात दोघांचा संबंध येतो का?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "खरं सांगा."

धाकट्याने आईकडे पाहिलं. आईने यादीवालीच्या मांडीवरच्या फायलीकडे पाहिलं. बाहेरच्या बाकांवर तिने वर्षानुवर्षं ऐकलं होतं, की नियम मोडणाऱ्याला दुसऱ्यांदा फुप्फुसं देत नाहीत. आणि धाकट्याची ही छाती टिकली नाही तर त्याला दुसऱ्यांदा लागणार होती.

"ही जाते वर," आई म्हणाली. "थोरली. माझा डोळा लागला की जाते भावाला बघायला. कितीदा सांगितलं, ऐकतच नाही."

"तुमच्या लक्षात आलं नाही?" डॉक्टरबाईंनी धाकट्याला विचारलं.

धाकट्याने खाली मान घातली. "झोपेत असायचो मी," तो म्हणाला.

यादीवालीने लिहून घेतलं.

घरी आल्यावर आईने हात धुतले, पुसले आणि थोरलीच्या पलंगाच्या कडेवर बसली.

"उद्या यादीवालीचा फोन येईल. विचारेल, तू वर जात होतीस का. हो म्हण."

"मी? अगं, मला चार पायऱ्या चढवत नाहीत."

"त्यांना काय माहीत? त्यांनी आपला जिना थोडाच पाहिलाय?"

"तो खाली यायचा, असं का नाही सांगितलंस?"

"त्याची सगळी छाती हिरवी झालीय. उद्या पुन्हा फुप्फुसं लागली तर देतील त्याला?"

"आणि मला?"

"तुला अजून एकदाही दिलेली नाहीत. तुला कसं नाही म्हणतील?"

"असं नसतं आई."

"मला एका वेळी एकाचाच विचार करता येतो," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता.

वरची पायरी करकरली. धाकटा तिथे उभा होता हे थोरलीला कळलं. तिने दम एकवटून हाक मारली. "अरे, ऐकतोयस ना? तू बोल काहीतरी."

 वरून उत्तर आलं.

"मी काय बोलू ताई? पहिल्या दिवशी तूच हाक मारली होतीस."

"हाक नव्हती मारली रे. मी गुदमरत होते."

"तेच ते," धाकटा म्हणाला.

थोरली फोनवर हो म्हणाली. आईने दटावलं म्हणून नाही. जंतू तिचा होता. वीस वर्षं तिच्या छातीत पोसलेला हिरवा दांडगा भावाच्या कोऱ्या छातीत जाऊन बसला होता. मग पायऱ्या कोण चढलं आणि कोण उतरलं, याला तिच्या मनात काही किंमत राहिली नाही. उलट हो म्हटल्यावर तिला जरा हलकं वाटलं. यादीवालीने कागद पाठवला, तिने सही केली.

उत्तर आठवड्यात आलं. नाव सहा महिने बाजूला ठेवण्यात येत आहे. या काळात वागणूक पाहून पुढचा विचार होईल.

आईने पत्र दोनदा वाचलं. "काढलं नाहीये. बाजूला ठेवलंय फक्त," ती म्हणाली. "सहा महिने काय, चुटकीसरशी जातील."

धाकट्याने दुपारी खाली येणं तर आधीच बंद केलं होतं. आता आईच सपाट हाताने थापा मारायची, आणि निम्म्यात मनगट धरून बसायची. थोरलीला घरात ऑक्सिजनची नळी लागली. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन ती दोन शब्द बोलून पुढे ढकलू लागली. महिन्याभरात कंपनीने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली.

नवव्या आठवड्यात तिला एक फोन आला. रुग्णालयातल्या ओळखीची एक बाई होती, श्वास घेताना छाती वाजायची म्हणून तिला सगळे शिट्टीवाली म्हणत. यादीत ती थोरलीच्या मागे होती.

"अगं, मला मिळाली!" ती ओरडत होती, आणि मधे एकदाही शिट्टी वाजत नव्हती. "दहा दिवस झाले. बारीक बांध्याच्या बाईची होती म्हणे. मी म्हटलं, ही तर आमच्या थोरलीच्या मापाची, तिचा नंबर आधी. तर म्हणाले, ती सध्या नाही. कुठे गेलीयस गं तू?"

"घरीच आहे," थोरली म्हणाली.

"मग ये ना भेटायला! नको, थांब. तू नको येऊस. आपल्या दुखण्याचं कुणी जवळ यायचं नाही असं सांगितलंय. राग नको मानूस हं."

थोरलीने राग मानला नाही. तिने फोन ठेवला आणि तो दिवस भिंतीकडे तोंड करून काढला.

चौथ्या महिन्यात ती स्वतःच्या तपासणीला गेली. आई बाहेर रिकामी चाकाची खुर्ची धरून उभी होती. डॉक्टरबाई त्या दिवशी खुशीत होत्या.

"तुमच्या भावाचं कोडं सुटलं," त्या म्हणाल्या. "नाकाच्या मागे, कपाळात, गालाच्या हाडांत पोकळ्या असतात. तिथे जंतू दडून बसले होते. आम्ही फुप्फुसं नवी बसवली, पण नाक जुनंच राहिलं ना. वरची वस्ती हळूहळू खाली उतरली. परवा त्या पोकळ्या साफ केल्या. आता सुधारेल तो."

थोरलीला क्षणभर काही समजलं नाही. "पण तो जंतू तर माझा होता."

"आम्हालाही तसंच वाटलं होतं. मूळ एकच आहे दोघांचं, लहानपणी कधीतरी एकाकडून दुसऱ्याकडे गेला असेल. पण लॅबने पुन्हा बारकाईने तपासलं. दोन्ही घराणी वीस वर्षांपूर्वीच वेगळी झालीत. त्याच्या छातीतला जंतू त्याच्याच नाकातला. ऑपरेशनच्या दिवशी काढलेला नमुना गोठवून ठेवला होता, त्यातही तोच निघाला. तुमचा काही संबंध नाही."

"काहीच नाही?"

"काही नाही. मनावरचं ओझं काढून टाका."

"मग माझं नाव?"

डॉक्टरबाईंनी टेबलावरचं पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं. "ते यादीकडे. तिथे जंतू कुणाचा हा प्रश्न नसतो. नियम मोडला की नाही, एवढंच बघतात. तुम्ही हो म्हणालात ना?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

"मी विचारलं ते जंतूचं मूळ आधी कुठे शोधायचं ते कळावं म्हणून. तुम्ही सगळे नाही म्हणाला असतात तर त्याच आठवड्यात नाक तपासलं असतं."

बाहेर येऊन थोरलीने हे जसंच्या तसं आईला सांगितलं. सांगायला वेळ लागला, तीन शब्दांनी थांबावं लागत होतं. आईने पूर्ण ऐकून घेतलं.

"चला," आई म्हणाली, "म्हणजे त्याची काही चूक नव्हती."

धाकटा खरंच सुधारला. आकडा चढू लागला, पुढच्या कागदावर हिरव्याच्या शेजारी चार-पाच रंग पुन्हा दिसले. आईने जुना कागद काढून नवा चिकटवला. त्याला बाहेर हिंडायची परवानगी मिळाली. जाता-येता तो जिन्याच्या तळाशी न थांबता, तोंडावर हात धरून, सरळ दाराकडे जायचा. थोरली पलंगावरून बघायची. "कसा आहेस रे?" असं तिने एकदा विचारलं, तर तो दारातूनच म्हणाला, "मजेत. तू बोलू नकोस ताई, तुला दम लागतो."

सहा महिने भरले. यादीच्या समितीपुढे जायचं ठरलं. थोरलीने या वेळी मनाशी पक्कं केलं होतं. भावाला दुसऱ्या फुप्फुसांची गरज उरली नव्हती. तो वाचला होता. आता खरं सांगून कुणाचं काही बिघडणार नव्हतं, आणि तिच्याकडे आणखी सहा महिने नव्हते. डॉक्टरबाईंनी ते आडून आडून सांगितलं होतं, तिला सरळ समजलं होतं.

टेबलामागे तिघंजण होते. डॉक्टरबाई कडेला, यादीवाली मधोमध. आई शेजारी ऑक्सिजनच्या सिलिंडरची मूठ धरून बसली.

"या सहा महिन्यांत भावाच्या खोलीत गेलात का?" यादीवालीने विचारलं.

"मी कधीच गेले नव्हते," थोरली म्हणाली. "तेव्हाही नाही. चौदा पायऱ्या आहेत. मला चार चढवत नाहीत. तो खाली यायचा. माझी पाठ थापटायला."

 यादीवालीने फाइलमधला सहीचा कागद काढून समोर ठेवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात."

"हो."

"की आता बोलताय?"

"कुणालाही पाठवा. जिना बघा. मला चढून दाखवायला सांगा."

"आज नाही चढवणार तुम्हाला. तेव्हाचं आज कसं कळणार?" यादीवालीचा आवाज वाईट नव्हता. रोज दहा जणांना नाही म्हणणाऱ्या माणसाचा होता. ती आईकडे वळली. "आई, तुम्ही घरात होतात. तुम्ही सांगा. कोण कुणाकडे जात होतं?"

थोरलीने मान वळवून आईकडे पाहिलं. आईच्या बोटांची सालं निघालेली होती, आणि ती बोटं सिलिंडरच्या मुठीवर घट्ट आवळलेली होती.

"पोरीची तब्येत फार खालावलीय हो," आई म्हणाली. "ऑक्सिजन कमी पडतो डोक्याला. दुपारी काय बोलते ते संध्याकाळी आठवत नाही तिला. तुम्ही मनावर घेऊ नका."

"आई," थोरली म्हणाली. पुढे तिला खोकला आला, आणि तो थांबेपर्यंत यादीवालीचं लिहून झालं होतं. वागणुकीचा एक रकाना होता, आता मनःस्थितीचाही भरला, आणि नाव बाजूलाच राहिलं. डॉक्टरबाई खिडकीबाहेर पाहत होत्या.

 परत येताना टॅक्सीत, घराजवळ आल्यावर, आई म्हणाली, "त्याला पुढेमागे पुन्हा लागली असती तर? तू विचारच करत नाहीस."

धाकटा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा होता. टॅक्सीचा आवाज ऐकून आला असावा. त्याने निकाल विचारला नाही.

"माझं नाव घेतलंस?" त्याने विचारलं.

"घेतलं," थोरली म्हणाली.

तो उलटा फिरला आणि भरभर वर गेला. आई सिलिंडर ओढत स्वयंपाकघराकडे वळली, तशी नळी ताणली गेली आणि थोरलीला पहिल्या पायरीशी कठड्याला धरून थांबावं लागलं. वर दार लागलं. मग आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ खिट्टी.